नळाचं पाणी, बाटलीचं माप

डीडीटीचा शेतीतला वापर आपल्याकडे १९८९ साली बंद झाला. चाळीत ढेकणांवर मारायची गॅमॅक्झिन पावडर ज्या रसायनाची, त्या बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. तरीही २००३च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाटलीबंद पाणी तपासलं, तेव्हा त्यात बीएचसीतलाच लिंडेन हा घटक आणि डीडीटी सापडलं. तपासलेल्या ब्रँडपैकी सतरा दिल्लीतले, तेरा मुंबईतले. मुंबईच्या बाटल्यांत प्रमाण कमी होतं, पण होतं.

बंदी विक्रीवर येते, जमिनीत मुरलेल्या रेणूवर नाही. भिंतीवर एकदा फवारलं की महिनोन्‌महिने डास मरतात, हाच डीडीटीचा गुण होता. हा रेणू लवकर विघटित होत नाही म्हणूनच उपयोगी पडला, आणि म्हणूनच मागे उरला. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही; मातीच्या कणाला चिकटतो, पावसाबरोबर ओढ्यात उतरतो, चरबीत साठत जातो. पाणी उकळल्याने जंतू मरतात. हा रेणू मोडत नाही.

अंधेरी-मुलुंडकरांना नळाला तानसा, भातसा, मोडकसागर या धरणांचं पाणी मिळतं. शहापूरच्या जंगलाने राखलेलं हे पाणी आहे, आणि त्याबद्दल आपण त्या तालुक्याचे ऋणी असायला हवं. पण उगम चांगला आहे म्हणून मोजमाप ढिलं ठेवायचं, हे मला मान्य नाही.

बाटलीवरून गदारोळ झाल्यावर सरकार हललं. २००४पासून बाटलीतल्या पाण्यात कोणतंही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि ही मर्यादा बंधनकारक आहे. नळाच्या पाण्याचं २०१२चं भारतीय मानक मात्र डीडीटीला १ आणि लिंडेनला २ मायक्रोग्रॅमची मुभा देतं. म्हणजे दहापट आणि वीसपट. शिवाय ते मानक ऐच्छिक! बाटलीचे पैसे मोजणाऱ्याला एक माप, आणि घाटकोपरच्या डोंगरावर पहाटे हंडा लावणाऱ्या बाईला दुसरं. तिचं मूलही तेच पाणी पितं. या फरकाचं समर्थन मला कुठल्याही शास्त्रात सापडत नाही; बाटलीच्या ग्राहकाचा आवाज दिल्लीत पोचला, एवढंच कारण दिसतं.

बाटलीची मर्यादा नळालाही लावा, ती बंधनकारक करा, आणि कीटकनाशकांच्या तपासणीचे आकडे वॉर्डनिहाय जाहीर करा. आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे ही मागणी प्रत्येक सोसायटीने आणि प्रत्येक वस्तीने लेखी करावी.