एका कप्प्यात दोघे

साथीचं गणित शिकवताना आरोग्य कर्मचाऱ्यांना आधी तीन कप्पे दाखवतात. पहिल्यात ज्यांना लागण होऊ शकते ते, दुसऱ्यात ज्यांच्याकडून ती पसरते ते, आणि तिसऱ्यात ज्यांच्याकडून आता पसरणार नाही ते. या तिसऱ्या कप्प्यात बरी होऊन घरी आलेली माणसं असतात, आणि गेलेलीही. दोघं एकत्र! घरात ताट वाढणाऱ्या बाईला विचारा, बरा झालेला नवरा आणि गेलेला नवरा एकच का?

पण गणिताचा प्रश्न वेगळा आहे. आजार पुढे कुणाकडून जाईल, एवढंच त्याला हवं असतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरंच बोलतं. वस्तूला एका अंगानं पाहणं आपल्याला नवं नाही. ते एकच अंग आहे हे विसरलं, की घोटाळा होतो.

हे गणित आपल्यापासून फार लांबचंही नाही. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी ते मांडलं. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. पडताळा पाहायला घेतली ती १९०५-०६ची मुंबईतली प्लेगची साथ. दर आठवड्याला किती माणसं मेली त्याचे ठिपके, आणि त्यांच्यावरून जाणारी एक रेघ. रेघ छान बसली. आता प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. माणसांतली साथ म्हणजे उंदरांतल्या साथीची सावली. त्यांनी हे लपवलं नाही, लिहून ठेवलं. मला त्या रेघेपेक्षा ही कबुली मोठी वाटते.

त्यांच्या गणितात आणखी एक गृहीत आहे: गावातला कोणीही कोणालाही सारखाच भेटतो. सगळे जीव सारखे असं आपणही म्हणतो, पण ते दया कुणाला कमी पडू नये म्हणून. इथलं सारखेपण हिशेब सोपा व्हावा म्हणून. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, त्याच्या चादरी कोण धुतं, हे आपल्याला का सांगायला हवं? सासू, सून, लेक, बाहेर आशाताई. त्यांचा धोका सगळ्या गावावर वाटून टाकला की तो दिसेनासाच होतो.

मग हे गणित सोडून द्यायचं का? मुळीच नाही. किती खाटा, किती औषधं लागतील याचा अंदाज आधी न बांधता साथ दाराशी येईपर्यंत बसून राहायचं, हा प्रमाद झाला. आणि प्रमादातून होते ती हिंसाच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

पुढच्या अभ्यासकांनी कप्पे वाढवले. गेलेल्यांचा वेगळा केला, वयानुसार वेगळे केले. तसा शुश्रूषा करणाऱ्यांचाही करता येईल. पण कप्पा भरायला आकडा लागतो, आणि तो येतो दारोदार फिरणाऱ्या आशाताईंच्या वहीतून. आजाऱ्याचं कोणी केलं, असा रकाना त्या वहीत नसेल तर पुढे बसलेला संगणक काय करणार? आणि रकाना असला, तिनं दारात उभं राहून विचारलं, तरी आपल्यातलीच एखादी पदराला हात पुसत सांगते, ‘‘करतं की सगळं घर.’’