थोरला भाऊ

क्षमा हा सद्गुण आहे, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो क्षमा कोणास करावी, याविषयीं. व्यवहारांत आपण तिला एक अट घालतों: अपराध्यानें आधीं चूक कबूल करावी, मग आपण उदार व्हावें. ख्रिस्ती धर्मांत जिला ‘कृपा’ म्हणतात, तिचें वैशिष्ट्य हें कीं ती ही अटच काढून टाकते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायांत उधळ्या पुत्राचा दृष्टांत आहे. धाकटा मुलगा बापाच्या हयातींतच आपला वाटा मागून घेतो, दूरदेशीं तो उधळतो, आणि डुकरें राखण्याची पाळी आल्यावर उपाशीपोटीं घरची वाट धरतो. पश्चात्तापाचीं वाक्यें त्यानें मनांत जुळवून ठेवलेलीं असतात. पण बाप त्याला दुरून पाहतांच धांवत जाऊन गळ्याशीं धरतो. वाक्यें मागाहून येतात, आणि तींही पुरतीं बोलून होत नाहींत. मिठी आधीं, कबुली नंतर, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे.

यावर सुज्ञ वाचक विचारील, मग न्यायाचें काय? १९९९ च्या जानेवारींत, २२ तारखेच्या रात्रीं, ओडिशांतील मनोहरपूर गांवीं ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी व त्यांचे १० आणि ६ वर्षांचे दोन मुलगे मोटारींत झोपले असतां जमावानें ती पेटवून दिली. स्टेन्स हे बारिपदा येथें कुष्ठरोग्यांची सेवा करीत असत. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनीं मारेकऱ्यांना क्षमा केल्याचें जाहीर केलें आणि त्याच रुग्णांची सेवा पुढें कित्येक वर्षें चालविली. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें कायम केली. कृत्य वाईट नव्हतें, असें बाईंनीं कधीं म्हटलें नाहीं. त्या कृत्याला आपल्या अंतःकरणांत द्वेषाचें घर बांधूं दिलें नाहीं, इतकेंच. शिक्षा देणें हें न्यायासनाचें काम. त्या आसनावर स्वतः बसण्याचें त्यांनीं नाकारलें.

अशी हकीकत वाचून आपण हात जोडतों आणि पान उलटतों. कारण एवढा घोर अपराध आपल्यावर सहसा कोणी केलेला नसतो. आपली परीक्षा दृष्टांताच्या उत्तरार्धांत आहे. थोरला भाऊ शेतावरून येतो, घरांतील गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि आंत जाण्याचें नाकारतो. त्याची तक्रार खोटी नाहीं. तो खरोखरच वर्षानुवर्षें राबला आहे. पण बोलतांना तो धाकट्याला भाऊ म्हणत नाहीं. बापाचा मुलगा म्हणून त्याचा उल्लेख करितो.

हा थोरला भाऊ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. एका विद्यार्थ्यास मीं परीक्षेंत नक्कल करतांना पकडलें. नियमाप्रमाणें त्याचें वर्ष गेलें, व तें योग्यच झालें. पुढल्या वर्षीं तो पुन्हा माझ्या वर्गांत येऊन बसला. वर्षभर मीं त्याला एकही प्रश्न विचारला नाहीं. विद्यापीठाची शिक्षा संपली होती. माझी मात्र संपली नव्हती. त्या वेळीं मी याला शिस्त म्हणत असें.

त्या बापानें थोरल्यालाही दूषण दिलें नाहीं. धाकट्यासाठीं जसा तो धांवत गेला, तसाच थोरल्यासाठींही घराबाहेर आला व त्याची समजूत घालूं लागला. दोष मोजीत अंगणांत उभें राहणाऱ्यालाही तीच कृपा आंत बोलावते. तो आंत गेला कीं नाहीं, हें दृष्टांतांत सांगितलेलें नाहीं.