हात मळवण्याची तयारी

ऑस्ट्रेलियाने २०२४ साली भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सुरू केला. अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींनी बारा महिने तिथे राहावं, हिंडावं आणि हिंडण्याचा खर्च निघेल इतकं काम करावं, अशी ही सोय. जागा वर्षाला एक हजार, निवड सोडतीने. पहिल्या सोडतीत दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या घरात अर्ज गेले. ब्रिटन आणि कॅनडाची मुलं १९७५पासून, जपानची १९८०पासून या वाटेने जात आली आहेत. आपल्या घरांना मात्र ती अगदी नवी आहे.

परदेश म्हणजे एमएस, नाहीतर कंपनीने पाठवलेलं ऑनसाइट, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. ज्या वर्षाच्या शेवटी पदवी नाही, बढती नाही, असं वर्ष कशाला, असं घरचे विचारतात. मुलगी असेल तर ‘अगं, मग स्थळं कधी बघायची?’ हेही ओघाने येतं. या प्रश्नांना मी हसणार नाही. कर्ज काढून मुलांना शिकवलेल्या आईवडिलांना एक मोकळं वर्ष महागच वाटणार. पण तिशीच्या आत स्वतःच्या कमाईवर, ओळखीपाळखीशिवाय एक वर्ष काढणं हेही शिक्षणच आहे, आणि ते पुढे कुठलीही फी भरून मिळत नाही.

कागदपत्रांचं फार सांगायला नको. दोन वर्षांचं उच्च शिक्षण, कामापुरत्या इंग्रजीचा दाखला, सुरुवातीच्या खर्चासाठी बँकेत पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा. लोणचं, मेतकूट, भाजणी बॅगेत जाणारच. तिथे उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते आणि लपवली तर दंड होतो, एवढं भरून देणाऱ्या आईलाही ठाऊक असावं. ताजा कढीपत्ता घरीच राहू द्यावा.

खरी तयारी कामाची. या व्हिसावर गेलेली बहुतेक मुलं कॅफेत भांडी घासतात, हॉटेलच्या खोल्या आवरतात, फळं तोडतात, पॅकहाउसमध्ये पेट्या भरतात. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर सरकारने ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेल्या क्षेत्रात तीन महिने काम दाखवावं लागतं, आणि त्यात शेतीचं काम मोठं. मरे नदीकाठच्या मिल्ड्यूरा भागात फेब्रुवारीत द्राक्षतोडणी चालू असते. त्याच फेब्रुवारीत आपल्या दिंडोरी-निफाडलाही ती चालू असते. इथे पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, शेतावरच मुक्काम करतात, छाटणी, विरळणी, डिपिंग अशी कामं एकरावर उक्ती घेतात. नाशिक शहरात वाढलेला मुलगा त्या बागेत कात्री घेऊन कधी उभा राहिलेला नसतो. तीच कात्री तो दहा हजार किलोमीटरांवर अभिमानाने धरणार असतो.

तिथे कोणी ओळखत नाही म्हणून लाज वाटत नाही, असं ही मुलं सांगतात. हे मला पुरेसं वाटत नाही. म्हणजे लाज गेलेली नसते, ती फक्त घरी ठेवलेली असते. आपल्याकडे कोणतं काम कोणी करायचं हे जातीने ठरवून ठेवलं, आणि शिकलेल्या हातांनी त्या कामाला शिवायचं नाही ही सवय त्यातूनच पडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती मोडायला घेतली होती. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था उभी राहिली; पुढे त्यांच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हा विचार महाराष्ट्राने तेव्हाच स्वीकारला होता. पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाची योजना आजही चालते. शहरातल्या सुस्थितीतल्या घरांनी मात्र तिला गरीब विद्यार्थ्यांची मदत समजून स्वतःच्या मुलांना तिच्यापासून दूर ठेवलं. माझ्या मते भाऊरावांचं म्हणणं आपण तिथेच अर्धवट सोडलं.

दुसरी तयारी हक्कांची. ऑस्ट्रेलियात किमान वेतन जुलै २०२५मध्ये ताशी २४.९५ डॉलर झालं, आणि रोजंदारीसारख्या ‘कॅज्युअल’ कामाला त्यावर पंचवीस टक्के जास्त. पेटीमागे पैसे घेऊन फळं तोडणाऱ्यांनाही एप्रिल २०२२पासून तासाच्या किमान वेतनाची हमी आहे. त्याआधी ती नव्हती आणि कित्येक तरुण तिथे लुबाडले गेले. नोकरीवर घेताना कोणी कंत्राटदार म्हणून नोंदणी करायला लावली तर सावध व्हावं, कारण त्यात वेतनाचे हे हक्क हातचे जातात. पगाराची प्रत्येक पावती जपावी. आणि हे सगळं पाठ करत असताना स्वतःला विचारावं, की आपल्या गावच्या बागेतल्या टोळीला तासाचा हिशोब कोण देतं? त्या टोळीतल्या मुलीला या सोडतीत नाव घालणंही अवघड, कारण तीन लाखांची शिल्लक नाही आणि बारावीनंतरची दोन वर्षंही बहुधा नाहीत.

म्हणून जाणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना विनंती आहे. निघण्याआधी दोन महिने घरातला स्वयंपाक, भांडी आणि संडास-बाथरूमची सफाई मुलाच्या अंगावर टाका, मुलगा असो वा मुलगी. जमलं तर एक हंगाम ओळखीच्या बागेत मजुरी घेऊन काम करू द्या, टोळीच्या बरोबरीने आणि टोळीच्याच दराने. सोडतीत नाव लागलं नाही, तरी हे चुकवू नका.