सुंदर म्हणण्याची जबाबदारी

डिसेंबरात हिनकलला दुपारचे साडेचार वाजतात, तेव्हा नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात बारा वाजलेले असतात. आमच्या हुणसूर रस्त्यावर त्या वेळी शाळेच्या बसगाड्यांची गर्दी असते, उड्डाणपुलाजवळ शेंगा भाजणारा गाडी लावत असतो आणि समोरच्या भिंतीवर चांगलं ऊन असतं. फोनच्या पडद्यावर मात्र माझ्या भाचीच्या खिडकीबाहेर भर दुपारी निळा संधिप्रकाश असतो. मागे बर्फाचा डोंगर, खाली काळं पाणी, पाण्याकाठी पिवळ्या खिडक्यांची लाकडी घरं. पहिल्या हिवाळ्यात मी हे पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "अगं, किती नशीबवान आहेस तू!"

ती हसली. तिने आणखी फोटो पाठवले. आकाशात हिरवा पडदा हलत असलेला उत्तरप्रकाशाचा फोटो तर माझ्या बहिणीने सांगलीतल्या सगळ्या नातेवाइकांना दाखवला. आम्ही सगळे "वा!" म्हणत राहिलो. त्या हिवाळ्यात ती आठवडेच्या आठवडे नीट झोपली नव्हती, जेवण करायचं विसरत होती आणि दोनदा परतीचं तिकीट पाहून ठेवलं होतं, हे आम्हाला उन्हाळ्यात कळलं. "आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही सगळे इतके खूश होतात की सांगायला जागाच उरली नव्हती. ज्या रात्रीचा तो हिरवा फोटो आहे ना, त्या रात्री मी कचरा टाकायला खाली उतरले होते आणि परत वर जावंसं वाटत नव्हतं."

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. एखाद्या जागेला सुंदर म्हणताना आपण तिथे राहणाऱ्याला गप्प तर करत नाही ना?

ट्रॉम्सो उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे 350 किलोमीटर उत्तरेला, एका बेटावर वसलेलं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येत नाही आणि मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. आमच्या म्हैसूरकडे वर्षातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान दिवस यांत दीड तासाचाही फरक नसतो. तरीही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे त्या बंदराचं पाणी हिवाळ्यात गोठत नाही. म्हणूनच इतक्या वर माणसं गावं वसवून, मासे मारून, विद्यापीठ चालवून राहू शकली. ते विद्यापीठ 1972 साली सुरू झालं, माझी भाची तिथेच शिकते.

हे झालं भूगोलाचं. रोजचं जगणं वेगळ्या गोष्टींनी बनतं. बुटांच्या तळाला खिळ्यांचे पट्टे बांधायचे, नाहीतर उताराच्या रस्त्यावर पाय घसरतो. कोटाला चमकणारी पट्टी लावायची, नाहीतर अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. सकाळी चमचाभर कॉडच्या यकृताचं तेल प्यायचं. दारापुढचा बर्फ फावड्याने ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायचा. 1997 च्या एप्रिलअखेरीस तिथे जमिनीवर 240 सेंटीमीटर बर्फ मोजला गेला होता. म्हणजे आपल्याकडे वळवाची वाट पाहायच्या दिवसांत तिथे पुरुषभर उंचीच्याही वर बर्फ. फोटोत हे फावडं नसतं. फावडं धरलेला हातही नसतो.

मी भाचीच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो तेव्हा मला म्हैसूरच आठवतं. पाहुणे येतात, त्यांना रविवारी संध्याकाळी राजवाड्याची रोषणाई पाहायची असते. जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात आणि गर्दीतून एकच उद्गार उठतो. माझ्याही तोंडून तो उठला आहे. पण पाहुणा "तुम्ही किती सुंदर शहरात राहता" म्हणतो तेव्हा मला किंचित एकटं वाटतं. मी त्या दिव्यांत राहत नाही. मी हिनकलला राहतो, जिथे कधी टँकरची वाट पाहायची असते आणि नन्नेश्वराच्या जुन्या देवळाच्या आसपास वाढत गेलेल्या गल्ल्यांतून स्कूटर काढायची असते. पाहुण्याचं बोलणं खोटं नाही. ते अपुरं आहे, आणि त्यातला उरलेला भाग माझा आहे, एवढंच.

मराठी घरात उत्तर ध्रुवाचा विषय निघाला की लोकमान्य टिळकांचं नाव निघतंच. 1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली. तुरुंगात मॅक्स म्यूलर यांनी पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्या हाती आली आणि रात्री काही तास दिवा वापरायची परवानगी मिळाली. त्या वाचनातून निघालेला 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ 1903 साली छापला गेला. वेदांतल्या उषेच्या सूक्तांत एक नाही, अनेक उषा येतात. रात्र संपेल की नाही अशी धास्ती येते. टिळकांनी त्यातून ध्रुवाजवळची, क्षितिजावर दिवसेंदिवस रेंगाळणारी पहाट वाचली आणि वैदिकांच्या पूर्वजांचं घर तिथे होतं असं मांडलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ ही उपपत्ती मान्य करत नाहीत. मला मात्र त्या ग्रंथामागचं दृश्य विसरता येत नाही: कोठडीतला मोजून मिळालेला उजेड आणि त्यात एक माणूस कधीही न पाहिलेल्या प्रदेशातली लांबच लांब पहाट वाचतो आहे. दूरच्या प्रकाशाची गरज कुणाला नसते? त्या गरजेला चूक म्हणायची माझी छाती नाही.

पण टिळकांचा शोध हजारो वर्षांपूर्वीच्या घराचा होता. त्या उत्तरेत आज कोण राहतं, हा त्यांचा प्रश्न नव्हता. तो माझा मात्र असायला हवा होता. माझी भाची तिथे राहायला गेली तरी मी तो विचारला नाही, कारण माझ्या मनातली उत्तर दिशा रिकामी होती. बर्फ, प्रकाश आणि शांतता.

ती रिकामी नाही. त्या प्रदेशात सामी लोक फार पूर्वीपासून आहेत. ट्रॉम्सोचं त्यांच्या भाषेतलं नाव आहे रोम्सा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभरएक वर्षं नॉर्वेच्या सरकारने सामी मुलांना शाळेत नॉर्वेजियन बनवण्याचं धोरण चालवलं. वर्गात घरची भाषा बोलायची चोरी झाली. कित्येक आईबापांनी मुलांच्या भल्यासाठी आपली भाषा घरातही बोलणं सोडलं. त्याच डोंगरांवर त्या काळातही उत्तरप्रकाश दिसत होताच. 2011 साली ट्रॉम्सोला सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रात सामील करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा शहरात कडाक्याचा वाद झाला. पाट्यांवर दुसरं नाव लिहायचं, एवढ्यावरूनही लोक चिडले. निवडणुकीनंतर तो प्रस्ताव मागे घेतला गेला. 2023 साली सत्यशोधन आयोगाने संसदेला अहवाल दिला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संसदेने सामी, क्वेन आणि वन-फिन लोकांची माफी मागितली.

भाषेच्या पाट्यांवरून भांडणं म्हणजे काय, हे कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून मला या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर वाटत नाहीत. एक घरातली, एक इतिहासातली. एकीत मामाच्या कौतुकाखाली मुलीचा हुंदका दबला, दुसरीत राष्ट्राच्या आग्रहाखाली एका समाजाची बोली. दोन्हींचं वजन सारखं नाही. भाची मला फोन करून सांगू शकली, त्या मुलांना कुणाला सांगायची सोय नव्हती. पण दोन्हीकडे जागा पाहणाऱ्याने माणसाला विचारलं नाही, तुझं इथे कसं चाललंय?

मग पाहूच नये का? मला तसं वाटत नाही. "तुम्ही राहत नाही तर बोलू नका" हा नियम केला, तर टिळकांच्या कोठडीतली पहाटही विझेल आणि तुमचं-माझं वाचनही थांबेल, कारण दुसऱ्या भाषेतलं पुस्तक वाचणं म्हणजे जिथे आपण राहत नाही तिथे पाहणंच आहे. शिवाय माझी भाचीही सांगते की ती निळी दुपार सुंदर असतेच, आता तिलाही ती आवडते. सौंदर्य पाहुण्याने शोधलेली खोटी गोष्ट नाही. फक्त पाहुण्याला ते फुकट मिळतं आणि राहणाऱ्याने त्याची किंमत भरलेली असते. फुकट मिळालेल्या गोष्टीचं एक देणं लागतं. ते देणं म्हणजे "सुंदर आहे" म्हटल्यावर तिथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारणं, आणि उत्तर आपलं चित्र बिघडवणारं असलं तरी ऐकून घेणं. जमलंच तर त्या जागेचं, तिथल्या माणसांच्या तोंडातलं नाव शिकून घेणं.

हे मी हिनकलमध्ये कितपत करतो? इतकी वर्षं इथे राहून माझं कन्नड भाजीवाल्या अम्मांशी हिशेबापुरतंच होतं. गेल्या वर्षी एकदा मी भाव सोडून त्यांना "हेगिद्दीरा, अम्मा?" म्हणून विचारलं. त्यांनी वजनाचा काटा खाली ठेवला आणि गुडघ्याविषयी दहा मिनिटं बोलल्या. मला अर्धंच कळलं, पण मी तिथून हललो नाही.

21 जानेवारीला ट्रॉम्सोमध्ये सूर्याचा दिवस मानतात. शाळांतून, बेकऱ्यांतून मुरंबा भरलेले गोड बन खातात आणि डोंगराआडून वर येणाऱ्या सूर्याची वाट पाहतात. या वर्षी भाचीने फोटो पाठवला. त्यात सूर्य नव्हता, ढग होते. हातात अर्धा खाल्लेला बन आणि मागे ओला, करडा रस्ता. मी "वा!" लिहायला घेतलं आणि खोडलं. लिहिलं, "झोप लागते का गं?"

थोड्या वेळाने तिचाच फोन आला. बराच वेळ बोलली.