समजा, उजवीकडे

ग्लुकोजचा रेणू फळ्यावर काढायचा म्हणजे कार्बनची उभी साखळी आणि तिच्या दोन्ही अंगांना हायड्रॉक्सिल गट: उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे. मुलं हा क्रम घोकतात. पण सगळं चित्रच आरशातल्यासारखं उलटं निघण्याची शक्यता साठ वर्षं निम्मी होती, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

कार्बनचे चार हात अवकाशात चौफेर पसरतात, हे व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्ये वेगवेगळं मांडलं. ग्लुकोजच्या उघड्या साखळीत चारही हातांना वेगळे गट असलेले 4 कार्बन असतात. प्रत्येकाच्या दोन मांडण्या, म्हणजे एकूण 16 शर्करा. घटक तेच, जोडणीचा क्रमही तोच. गॅलॅक्टोज ग्लुकोजहून चौथ्या कार्बनवरच्या मांडणीपुरताच वेगळा. पण तो पचवणारं विकर ज्या बाळात नसतं, त्याला आईचं दूधही बाधतं.

या सोळांतला ग्लुकोज कोणता? एमिल फिशरने वुर्त्सबुर्गला हा प्रश्न तर्काने सोडवला. शर्करेच्या दोन्ही टोकांचं ऑक्सिडीकरण करून ती सारखी करायची आणि मिळालेलं आम्ल ध्रुवित प्रकाश वळवतं का ते पाहायचं. गॅलॅक्टोजचं आम्ल तो वळवत नाही. म्हणजे रेणूचा वरचा अर्धा भाग खालच्याचं प्रतिबिंब आहे, आणि गॅलॅक्टोजसाठी सोळापैकी 12 मांडण्या एका फटक्यात बाद. ग्लुकोजचं आम्ल प्रकाश वळवतं, म्हणजे उरलेल्या चारांत तो नाही. असे पुरावे जुळवत फिशर 1891 मध्ये उत्तरापर्यंत पोचला. मधल्या काळात त्याचे गुरू बायर यांनी दातकोरणी आणि ब्रेडच्या गोळ्यांची मॉडेलं करून पाहिली आणि नाद सोडला!

तरी एक गाठ उरलीच. या पुराव्यांतून मांडण्यांची आपापसातली नाती कळतात. रेणू आणि त्याची आरशातली जोडी यांतला खरा कोणता, ते कळत नाही. फिशरने पाचव्या कार्बनवरचा गट उजवीकडे आहे असं धरून चालायचं ठरवलं. 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं, 1919 मध्ये तो गेला. 1951 मध्ये उट्रेख्टला बायफूट आणि सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्याची खरी बाजू ठरवली, आणि या आम्लाचं शर्करांशी नातं ठाऊक असल्याने त्यांचीही ठरली. योगायोग असा की ती प्रयोगशाळा व्हांट हॉफच्याच नावाची होती.

फिशरचा अंदाज बरोबर ठरला याचं कौतुक होतं. मला ते अस्थानी वाटतं. तो नशिबाचा भाग होता. कसब होतं ते अज्ञान एकाच जागी कोंडण्यात. अंदाज चुकला असता तर सगळी चित्रं एकदम उलटी करावी लागली असती, पण शर्करांमधलं एकही नातं बदललं नसतं. अनेक शास्त्रांत गृहीतकं अशी विखुरलेली असतात की एक निखळलं तर काय काय कोसळेल, सांगता येत नाही.

बारावीला जैवरेणू शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: पाचव्या कार्बनवरचा गट उजवीकडे काढताना क्षणभर थांबा, आणि 1891 व 1951 ही दोन सालं फळ्याच्या कोपऱ्यात लिहा.