तिकिटातला वाटा

महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या फ्रान्सला मे १९४६ मध्ये अमेरिकेकडून कर्जमाफी आणि नवे कर्ज मिळाले; परंतु त्यासोबतच्या ब्लूम-बर्न्स करारात चित्रपटगृहांनी दर तिमाहीत चारच आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखावेत आणि उरलेला काळ सर्वांना खुला असावा, अशी तरतूद होती. युद्धकाळात अडकून पडलेले हॉलिवूडचे चित्रपट एकदम पडद्यावर आले, जानेवारी १९४८ मध्ये नट-दिग्दर्शक पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले, आणि त्या वर्षी चाराचे पाच आठवडे झाले. गाजली ती ही आठवड्यांची लढाई. पुरून उरला तो त्याच वर्षी तिकिटावर बसवलेला कर.

हा कर आज तिकिटाच्या किमतीच्या १०.७२ टक्के आहे, आणि चित्रपट कोणत्या देशाचा हे तो पाहत नाही. त्याचे उत्पन्न राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जाते. तेथून एक भाग निर्मात्याच्या खात्यावर, त्याच्या आधीच्या चित्रपटाच्या तिकीटविक्रीच्या प्रमाणात, आपोआप जमा होतो, मात्र तो पुढच्या निर्मितीतच गुंतवावा लागतो. याखेरीज १९५९ पासून, समितीने संहिता पाहून निवडलेल्या चित्रपटांना उचल दिली जाते, जी चित्रपट चालला तर फेडायची असते. अमेरिकी चित्रपटाला गर्दी करणारा प्रेक्षक अशा रीतीने, बहुधा नकळत, पुढच्या फ्रेंच चित्रपटाला भांडवल पुरवतो.

कोटा, म्हणजे देशी कृतींसाठी कायद्याने राखलेला हिस्सा, यापेक्षा सोपा वाटतो. पण त्यात देशी कोण हे आधी ठरवावे लागते. कॅनडाने १९७१ पासून रेडिओसाठी संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि गीत असे चार निकष लावले व सामान्यतः दोन पुरे होणे आवश्यक मानले. परिणामी १९९१ मध्ये ब्रायन अ‍ॅडम्स या अस्सल कॅनेडियन गायकाची नवी गाणी, सहलेखक परदेशी असल्याने, कॅनडाबाहेरची ठरली, आणि पुढे १९९३ मध्ये नियमालाच मुरड घालावी लागली.

कराच्या व्यवस्थेतही एक मेख आहे: परका चित्रपट चालेनासा झाला की निधीही आटतो. प्रेक्षक घरच्या पडद्याकडे वळल्यावर फ्रान्सने वाहिन्यांकडूनही वाटा घेतला, आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्ससारख्या सेवांना फ्रान्समधील उलाढालीचा किमान पाचवा हिस्सा युरोपीय व फ्रेंच निर्मितीत घालणे बंधनकारक केले. यात पैसा भरपूर आहे, पण तिकिटाच्या करातून आलेली उचल कोणाला द्यायची हे फ्रेंच समिती ठरवते, तर येथे कोणती फ्रेंच कथा पडद्यावर यावी याची निवड मुख्यतः त्या परक्या कंपनीच्याच हाती राहते.