पीठ, बाक आणि खंडपीठ

‘पीठ’ म्हणजे बसण्याचे आसन. न्यायाधीश ज्या आसनावर बसून निवाडा करतो ते पीठ, आणि पुढे तिथे बसणारे न्यायाधीशही पीठच. इंग्रजीतल्या ‘बेंच’ या शब्दाचा प्रवास असाच झाला. विधिमंडळात मात्र मराठीने बेंचची वाटणी करून टाकली आहे. अध्यक्ष किंवा सभापती ‘पीठासीन अधिकारी’ असतात, आमदारांच्या वाट्याला बाके येतात: सत्ताधारी बाके, विरोधी बाके. बाक हा शब्द पोर्तुगीज ‘बांको’वरून आल्याचे मानतात, आणि ‘बांको’ व ‘बेंच’ यांचे मूळ एकाच जर्मानिक शब्दात आहे. नाते असूनही मराठीत मान संस्कृत पीठाला मिळाला, बाक शाळेतल्या बाकाइतकाच साधा राहिला.

‘खंडपीठ’ हा शब्द जास्त गुंतागुंतीचा. कायद्याच्या भाषेत एका न्यायमूर्तीचे ते एकल पीठ, साधारणतः दोघांचे ते खंडपीठ, तिघांचे किंवा अधिकांचे ते पूर्णपीठ. जालना जिल्ह्यात मात्र खंडपीठ हे एका ठिकाणाचे नाव आहे. निजामाच्या राज्यात इथल्या पक्षकाराचे उच्च न्यायालय हैदराबादेत होते; 1956च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबईत गेले, म्हणजे प्रत्येक अपिलासाठी 400 किलोमीटरहून लांबचा प्रवास. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी 27 ऑगस्टला औरंगाबादला, जालन्यापासून साधारण 60 किलोमीटरवर, उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले.

त्या दिवशी तिथे सुरू झाले ते कायद्याच्या दृष्टीने कायम खंडपीठ नव्हते. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 मधील तिसऱ्या पोटकलमाने मुख्य न्यायमूर्तींना, राज्यपालांच्या संमतीने, न्यायमूर्तींची बैठक अन्यत्र भरवण्याचा अधिकार दिला आहे. तोच इथे वापरला गेला. त्याला आव्हान मिळाले, पण 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. कायम खंडपीठ 1984 मध्ये, दुसऱ्या पोटकलमाखाली झाले. लोकांनी हा फरक कधी केला नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असेही नाही: न्यायमूर्ती जिथे बसतात ते पीठ, हा मूळ अर्थच त्यांनी पाळला.

गोंधळ होतो तो बातम्यांत. ‘खंडपीठाने स्थगिती दिली’ एवढ्यावरून निर्णय एका न्यायमूर्तीचा की दोघांचा, हे कळत नाही. एकल पीठाच्या निर्णयाविरुद्ध काही प्रकरणांत दोघांच्या खंडपीठापुढे अपील करता येते, तेव्हा तर ‘खंडपीठाच्या निर्णयाविरुद्ध खंडपीठात’ अशी वाक्यरचना होऊन बसते.